पाठकोऱ्या कागदांची वही

ता. ४, सोमवार

आज घरी आले ते असे: लाकडी खोकी दोन. लोखंडी खुंट्या चोवीस, हातभर लांबीच्या. पिवळ्या वायरीची रिळे चार. मोटारीची असते तशी बॅटरी एक. हातोडे दोन. बाबागाडीसारखी तीनचाकी ढकलगाडी एक, तिच्या पोटाखाली केशरी पेटी. आणि ह्या सगळ्यामागून घामाघूम झालेली एक मुलगी. हमाल ऐंशी मागत होता, साठ दिले. मुलीचे काही पडले नाही, पण तिचे जेवणखाण आजपासून आपल्याकडे. ते वेगळ्या पानावर लिहीन.

सामान खरे तर पेट्रोलपंपावर उतरायचे होते. पण पंपाला कचेरीने कुलूप लावले आहे, म्हणून मागच्या गल्लीत आमच्या पडवीत उतरले. गल्लीच्या खालच्या अंगाला शिवणबाई राहतात (कपडे शिवतात, सगळी गल्ली शिवणबाईच म्हणते). त्यांच्या विहिरीच्या पाण्यावर तेलकट तवंग येतो, वास येतो, नातवाच्या अंगावर पुरळ उठले. त्यांच्या सुनेने कचेरीत अर्ज दिला. कचेरीने आमच्या चिरंजिवांना कळवले, जमिनीची तपासणी करून घ्या. गळती तुमची निघाली तर पंप कायमचा बंद.

पंप आधी ह्यांचा होता. हे जाऊन चार वर्षे झाली, तेव्हापासून चिरंजीव बघतो. तो शपथेवर सांगतो की त्याच्या काळात थेंब गळालेला नाही. मी त्याच्या बाजूने रोज एक माळ जास्त जपते.

मुलगी जमीन न खणता जमिनीतले बघते म्हणे. मी विचारले, "म्हणजे पाणाड्यासारखं?" ती हसली. "तसंच काकू, फक्त माझ्या काठीला वायर आहे."

केस आखूड, पायात बूट, वय सव्वीस. दोनच पोळ्या खाते. मी तिला मोजणीबाई म्हणायचे ठरवले आहे.

ही रोजनिशी चिरंजिवाच्या जुन्या छापील पावत्यांच्या मागे लिहिते आहे. एक बाजू कोरी असताना कागद टाकून देणे मला आयुष्यात जमले नाही.

ता. ५, मंगळवार

महिन्याचा पहिला मंगळवार. आंघोळ करून देवापुढे दिवा लावला, मग अंगणातल्या विहिरीशी गेले. नेहमीप्रमाणे फळीच्या भोकातून एक ओंजळ खडेमीठ आत टाकले, एक ओंजळ कठड्याभोवती, आणि हात जोडले. अकरा वर्षांत एकही मंगळवार चुकलेला नाही.

विहीर बंद आहे ती नवसाने. ह्यांनीच बोललेला नवस. जन्मभर देवघरात पाऊल न टाकणारा माणूस एके दिवशी दुपारी जेवायला आला आणि म्हणाला, "आजपासून ह्या विहिरीला विश्रांती. मी नवस बोललोय. पाणी नळाचं आणायचं." कोणत्या देवाला, कशासाठी, काही सांगितले नाही. नवस उघडा करू नये, म्हणून मीही विचारले नाही. मिठाचे मात्र माझ्या मनाचे. मिठाने पाणी धरून राहते असे माझी आई म्हणायची. कधीतरी नवस फिटेल तेव्हा पाणी चांगले असावे.

गल्लीच्या टोकाच्या नळावरून सात वर्षे मी पाणी वाहिले. मग चिरंजिवाने घरात नळ घेतला. तक्रार नाही. नास्तिक माणसाने देवाचे नाव घेतले, त्यासाठी हंडे वाहिले तर काय बिघडले?

मोजणीबाईने दिवसभर गल्लीत खुंट्या ठोकल्या, तीन-तीन मीटरवर एक. पंपाच्या मागच्या भिंतीपासून आमच्या अंगणातून थेट शिवणबाईंच्या दारापर्यंत. खुंट्यांना वायर, वायर पेटीला. दोन खुंट्यांतून वीज जमिनीत सोडायची आणि दुसऱ्या दोन खुंट्यांवर ती किती पोचली ते मोजायचे. मी चपला घालूनच अंगणात फिरले.

शिवणबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "काय ताई, सोनं निघणार का तुमच्या अंगणात?"

"सोनं असतं तर ह्यांनी कधीच काढलं असतं."

"तेही खरं. भाऊसाहेब म्हणजे चोख माणूस." मग मोजणीबाईला म्हणाल्या, "पोरी, तहान लागली तर ह्यांच्याकडेच पी हो. ह्यांच्याकडे आमचं पाणी चालत नाही."

हसत म्हणाल्या. अकरा वर्षे हसतच म्हणतात. मला मात्र दर वेळी तोंड कुठे लपवावे असे होते.

ता. ७, गुरुवार

मोजणीबाईचे काहीतरी बिनसले आहे. दुपारी पडवीत तिने मला यंत्रावरचे चित्र दाखवले. जमीन उभी कापल्यासारखे, त्यात लाल, पिवळे, निळे पट्टे.

"लाल म्हणजे वीज अडते. निळं म्हणजे सहज जाते. पेट्रोलमधून वीज जात नाही काकू. मग जिथे पेट्रोल मुरलंय तिथे काय दिसायला हवं?"

"लाल," मी म्हटले. मॅट्रिक झालेली आहे मी, विज्ञानात पंचावन्न होते.

"शाब्बास. आणि दिसतंय काय?"

निळे दिसत होते. टाकीपासून शिवणबाईंच्या दारापर्यंत निळी जीभ बाहेर काढावी तसे. आणि सगळ्यांत गडद निळे आमच्या विहिरीपाशी.

"मग पेट्रोल नाहीच?" मी विचारले. मनातल्या मनात देवाला नारळ कबूलही करून टाकला.

"नाही म्हणावं तर शिवणकाकूंच्या विहिरीवर तवंग आहे. आहे म्हणावं तर चित्र उलटं आहे. माझं डोकं चालेनासं झालंय." तिने डोके खरोखरच गुडघ्यांत घातले. मी चहा केला. मलाही काही कळेना, पण निदान चहा करता येतो.

ता. ८, शुक्रवार

आज ढकलगाडी फिरली. ही वीज सोडत नाही, जमिनीत हाक घालते आणि येणारा पडसाद ऐकते. पडद्यावर जमिनीचे थर दिसतात, कपाटात चादरींच्या घड्या ठेवाव्यात तसे. पण टाकीपासून शिवणबाईंकडे जाताना मधल्या पट्ट्यात घड्या दिसेनाशा होतात. कोणीतरी ओल्या बोळ्याने पुसून काढल्यासारख्या.

मोजणीबाई जेवली नाही. दोन पोळ्या उरल्या, संध्याकाळी मी खाल्ल्या.

ता. ९, शनिवार

उलगडा झाला म्हणतात, पण माझा गोंधळ वाढला.

मोजणीबाईने सकाळी आपल्या सरांना फोन लावला. अर्धा तास नुसते "हो सर, हो सर". मग उठून उड्याच मारायला लागली. चिरंजीव बाहेर खुर्चीत नखे खात बसला होता, त्याला आत बोलावले.

तिने सांगितले ते मला समजले ते असे. नुकते सांडलेले पेट्रोल वीज अडवते, लाल दिसते. पण जमिनीत वर्षानुवर्षे राहिले की मातीतले जंतू ते खातात. खाऊन जे उरते, आंबट, खारट, ते पाण्यात उतरते, आणि मग त्याच जमिनीतून वीज भराभर जाते. म्हणजे ताजे असेल तर लाल, जुने झाले की निळे.

"ताजं दूध आणि नासलेलं दूध," मी म्हटले.

"अगदी तसंच! काकू, तुम्ही माझ्या सरांपेक्षा बरं शिकवता."

चिरंजीव पुढे सरकला. "जुनं म्हणजे किती जुनं?"

"काही वर्षं तरी. नक्की आकडा चित्रावरून सांगता येत नाही. आणि एक अडचण आहे." तिने विहिरीजवळच्या गडद डागावर बोट ठेवले. "इथे इतकं निळं का, ते मला कळत नाही. इथे दुसरंच काही असेल, तर सगळं चित्रच संशयास्पद होतं. कचेरी म्हणेल, हे नासलेलं पेट्रोल नाही, जमीनच खारट आहे. पेट्रोल तर कालपरवाचं आहे, ह्या पोराच्या हातून सांडलेलं."

नऊ वर्षांपूर्वी ह्यांनी जुनी टाकी काढून त्याच खड्ड्यात नवी बसवली होती. त्यामुळे जागेवरून जुने-नवे कळत नाही. ते फक्त वयावरून कळणार.

खारट हा शब्द ऐकला आणि मी बश्या गोळा करून आत निघाले.

संध्याकाळी जप करताना चार वेळा मणी चुकले.

ता. १२, मंगळवार

दोन दिवस काही लिहिले नाही. सांगावे की सांगू नये, ह्यात गेले. सांगितले तर नवस उघडा होतो. नाही सांगितले तर चित्र खोटे पडते आणि माझे पोर अडकते. देवापुढे चिठ्ठ्या टाकल्या. "सांगू नको" निघाली. म्हटले तीनदा टाकावे. तिन्हीदा "सांगू नको". मग उठले आणि सांगितले. हे कसे झाले ते मला स्वतःलाच कळलेले नाही.

मोजणीबाई वायर गुंडाळत होती. मी म्हटले, "तिथे निळं दिसतंय ते मी केलंय."

"तुम्ही काय केलंय?"

"मीठ टाकलंय. महिन्याला दोन ओंजळी. अकरा वर्षं."

ती आधी माझ्याकडे बघत राहिली. मग कपाळावर हात मारून खाली बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "काकू! मी तीन रात्री झोपले नाही! मिठाच्या विहिरीवर खुंटी ठोकून बसले होते मी!"

"चुकलं का माझं?"

"चुकलं कसलं, बरं झालं सांगितलंत. आता मी विहिरीपासून लांबून नवी रांग घेते. तिथेही निळं आलं, तर ते तुमच्या मिठाचं नाही." मग डोळे पुसत विचारले, "पण बंद विहिरीत मीठ कशाला?"

नवसाचे सांगावे लागले.

हसू थांबले तिचे. "अकरा वर्षांपूर्वी काकांनी विहीर बंद केली? पाण्याला काही वास वगैरे येत होता का तेव्हा?"

"छे. गोड पाणी होतं. ह्यांनाच एकदा वाटलं होतं वास येतो म्हणून. मला तर कधी आला नाही."

ती रीळ हातातल्या हातात फिरवत राहिली.

ता. १३, बुधवार

नवी रांग घेतली. विहिरीपासून लांब, रस्त्याच्या पलीकडच्या कडेने. तिथेही निळे. म्हणजे मीठ नव्हे. म्हणजे पेट्रोल, आणि जुने.

चिरंजीव दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवला. मी देवाला कबूल केलेला नारळ फोडला. पण मोजणीबाई म्हणते, कचेरीला नुसते चित्र पुरणार नाही, अमुक वर्षी गळत होते असा काही लेखी पुरावा मिळाला तर गाठ पक्की बसेल. "काकू, नवसाची तारीख आठवते का?"

"आठवायला कशाला हवी? वहीत असेल."

ता. १४, गुरुवार

माळ्यावरून वह्या काढल्या. एकोणतीस वर्षांचे घरखर्चाचे हिशेब. विकतची वही एकही नाही. सगळ्या पाठकोऱ्या कागदांच्या, मी दोऱ्याने शिवलेल्या.

हे कागद कुठले, ते आज लिहून टाकते. पंपावर हे रोज सकाळी टाकीत मापाची काठी घालून पेट्रोल किती आहे ते बघत आणि कच्च्या कागदावर मांडत. पक्के आकडे मोठ्या वहीत जात, कच्चे कागद घरी येत. मला सांगत, "चुलीत घाल." आणि मी घालत नसे. मागची बाजू कोरी करकरीत असायची. ह्यांना वाटायचे मी जाळते. नवऱ्याशी आयुष्यात एवढे एकच खोटे वागले. देवाला माहीत आहे. आज ह्या रोजनिशीलाही माहीत झाले.

अकरा वर्षांपूर्वीची वही उघडली. सापडले: "आजपासून विहीर बंद (नवस). नवा हंडा १. दोरी विकली." तारीख स्वच्छ. मी मोजणीबाईला दाखवले. ती वाचून पान उलटणार होती, उलटता उलटता थांबली.

"काकू, ह्या मागच्या बाजूला काय आहे?"

"ह्यांचं कच्चं काम. त्याला काही अर्थ नाही."

तिने वही उलटी धरली आणि मागच्या बाजूने वाचायला सुरुवात केली. एकोणतीस वर्षांत मी ती बाजू कधी वाचली नव्हती. ह्यांचे बारीक अक्षर. काठीचे माप, विक्री, शिल्लक, आणि शेवटी एक रकाना: "उडाले".

"उडाले म्हणजे?"

"पेट्रोल उडतं की. कापूर उडतो तसं. हेच म्हणायचे."

"जमिनीखालच्या बंद टाकीतून फार थोडं उडतं." ती आकड्यांवरून बोट फिरवत गेली. आठवड्याला चाळीस लिटर. पुढे पासष्ट. पुढे नव्वद. पुढे एकशे चाळीस. मग एका पानावर एकशे नव्वद, त्याच्याभोवती दोनदा गोल, आणि पुढे "उडाले" लिहिलेले नाही. काहीच लिहिलेले नाही.

त्याच पानाच्या तळाशी पेन्सिलीने दोन ओळी होत्या:

आपली विहीर: ४० पावले.
शि. विहीर: ९० पावले. उतार.

तिने वही हळूच मिटली. म्हणाली, "काकू, आज नको. उद्या बोलू." आणि जेवायला थांबली नाही.

पावले कशाला मोजली असतील? बहुधा मधली जागा विकत घ्यायचा विचार असेल. तसे बोलले होते एकदा. की नव्हते बोलले?

ता. १५, शुक्रवार

आज मी मोजून पाहिले. पंपाच्या मागच्या भिंतीपासून शिवणबाईंच्या विहिरीपर्यंत माझी एकशे बारा पावले भरली.

ह्यांचा पाय लांब होता.

ता. १६, शनिवार

चिरंजिवाला मोजणीबाईने सांगितले. मी देवघरात होते, पण दार उघडे होते.

तो वही घेऊन आत आला आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसला. लहानपणी ताप आला की बसायचा तसा.

"आई, ही वही कचेरीत दिली तर मी सुटतो."

"मग दे."

"आणि बाबांचं नाव जातं."

"कशानं जातं? आकडेच आहेत ना?"

त्याने माझ्याकडे पाहिले. मला वाटले आता ओरडणार. पण त्याने नुसतेच विचारले, "आई, बाबांनी नवस कोणत्या देवाला बोलला होता गं?"

मी म्हटले, "विचारलं नाही."

"कधीच नाही विचारलंस?"

"नवस उघडा करू नये."

त्याने दिव्याची वात सारखी केली. मग म्हणाला, "दोन वर्षांनी कर्ज काढून टाकी बदलली त्यांनी. मला वाटायचं, धंदा वाढवायला. मी लोकांना अभिमानानं सांगायचो."

"बदलली ना पण," मी म्हटले.

"हो. बदलली."

मला समजत नाही मी कोणाची बाजू घेत होते. एका बाजूला पोटचे पोर आणि दुसऱ्या बाजूला कुंकवाचा धनी, आणि मी मध्ये पाठकोऱ्या कागदासारखी, दोन्हीकडून लिहिलेली.

शेवटी मीच म्हटले, वही दे. देताना एकच सांगितले, माझ्या हिशेबाची बाजू त्यांना वाचू नका म्हणावे, त्यात साखर उसनी घेतल्याच्याही नोंदी आहेत. पोर हसले. मग रडले.

ता. १८, सोमवार

कचेरीचे लोक येऊन वही घेऊन गेले. जिथे निळी जीभ दिसते तिथे आता भोके पाडून माती काढणार, प्रयोगशाळेत पाठवणार. मग खालचे पाणी उपसून साफ करायचे यंत्र बसवणार. पंपाच्या कमाईतून. चिरंजिवाने आपणहून सही केली. शिवणबाईंच्या विहिरीला लाल पट्टी लावली, पाणी घेऊ नये.

ते मी आधी सांगायला हवे होते. शनिवारीच जायला हवे होते. दोन दिवस त्यांच्या घरी तेच पाणी भरले जात होते आणि मी इथे माळ ओढत बसले होते.

आज दोन बादल्या नळाचे पाणी घेऊन गेले. शिवणबाई मशीनवर बसल्या होत्या. पाय थांबवला नाही. मी उभ्या उभ्या सगळे सांगितले, आकडे, पावले, सगळे.

मशीन थांबले.

"ताई, तुम्हांला तो हंडा आठवतो?"

आठवतो. विहीर बंद झाल्यानंतरचा पहिला आठवडा. नळाला पाणी आले नव्हते. शिवणबाईंनी आपल्या विहिरीचा भरलेला हंडा दुखऱ्या पायाने माझ्या दारात आणून ठेवला. हे आणि धाकटे भाऊजी जेवायला आले. भाऊजी तेव्हा पंपावरच ह्यांच्या हाताखाली होते. ह्यांनी विचारले, पाणी कुठले? मी सांगितले. ह्यांनी हंडा उचलला आणि शिवणबाईंच्या डोळ्यांदेखत अंगणात ओतून दिला. म्हणाले, "आपल्याकडे दुसऱ्यांचं पाणी चालत नाही." आम्ही तशा लोकांतले कधीच नव्हतो. लाजेने मी वर्षभर त्यांच्याशी नीट बोलले नाही. ह्यांच्याशीही तीन दिवस बोलले नाही. म्हटले, पंपाच्या पैशाने माणूस माजला.

"आठवतो," मी म्हटले.

"मी म्हटलं, भाऊसाहेबांना आम्ही हलके वाटतो. अकरा वर्षं तेच धरून बसले. गंमत करायची तर त्याचीच." त्या कात्री उघडत, मिटत होत्या. "तेव्हा ओतताना नुसतं म्हणाले असते, बाई, हे पिऊ नका. चार शब्द. हंडाच ओतायचा होता तर माझ्या विहिरीवर येऊन ओतायचा."

मी म्हटले, "नवस होता हो."

"तुमचा होता," त्या म्हणाल्या. "आमचा नव्हता."

बादल्या घेतल्या त्यांनी. रिकाम्या करून परतही दिल्या, घासून. दारापर्यंत सोडायला मात्र आल्या नाहीत.

मोजणीबाईचे सामान आज गेले. खुंट्या तेवीसच भरल्या. एक विहिरीच्या कठड्याशी राहिली, नंतर सापडली, मिठाने गंजायला लागलेली. ती मीच ठेवून घेतली. निघताना मुलगी पाया पडली. म्हणाली, "काकू, यंत्रानं जुनं आहे एवढंच सांगितलं. बाकी तुमच्या वहीनं सांगितलं." चांगले म्हणून म्हणाली. मला कसेसेच झाले.

ता. १९, मंगळवार

भाऊजींना पत्र लिहिले. ते सध्या दूरच्या गावी मुलीकडे असतात. पक्की प्रत टपालात टाकली, कच्ची येथे ठेवते.

"चि. भाऊजींस अनेक आशीर्वाद.

इकडील सर्व क्षेम. पंपाच्या चौकशीचे चिरंजिवाने फोनवर कळवलेच असेल. तुमचे गुडघे कसे आहेत? तेलाने बरे वाटते की नाही?

पत्र लिहिण्याचे कारण वेगळे. फोनवर विचारले तर तुम्ही गडबडाल आणि मी ऐकून घेऊ शकणार नाही, म्हणून लिहिते.

ह्यांच्याविषयी काही विचारत नाही. गेलेल्या माणसाविषयी तुम्हांला कशाला पेचात टाकू? ह्यांनी नवस बोलला असेल, नसेल. देव कोणाच्या तोंडून काय वदवून घेईल, सांगता येत नाही. मी मीठ टाकत होते ते मनापासून, एवढे देवाला मान्य व्हावे.

फक्त एक सांगा. शिवणबाईंनी आणलेला हंडा ह्यांनी अंगणात ओतला, त्या वेळी तुम्ही दाराशी उभे होता. काही बोलला नाहीत. त्याआधी तुम्ही रोज दुपारी पंपावरून येताना त्यांच्या ओट्यावर टेकायचात आणि तांब्याभर पाणी प्यायचात. त्या बाई तुम्हांला भाऊ मानायच्या. तुमचा सदरा शिवायला दिला की पैसे घेत नसत.

त्या दिवसानंतर तुम्ही त्यांच्या घरचे पाणी पुन्हा कधी प्यायलात का?

हो किंवा नाही, एवढेच लिहा. कारण लिहू नका. उत्तरासाठी जोडकार्ड सोबत ठेवले आहे, तिकिटाचा खर्च पडणार नाही. उलट टपाली कळवावे.

तुमची वहिनी."